दहा फुटांवरची रिंग

अबोलीचा पहिला चेंडू रिंगला शिवलाच नाही. दुसराही नाही. तिसऱ्याला बाजूच्या पोरी हसल्या. चौथ्या वेळी ती टप्पा न मारता चेंडू हातात धरूनच धावली आणि शिट्टी वाजली.

वाशीच्या मैदानावर जिल्ह्याच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची निवड चालू होती. अबोली तेरा वर्षांची. कोपरखैरण्यातल्या तिच्या सोसायटीत तिला हरवणारं कोणी नव्हतं. इथे तिला चेंडू वर पोचवता येईना.

निवड करणाऱ्या राजेश्वरी मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "कुठे खेळतेस गं?"

"सोसायटीत."

"रिंग किती उंच आहे तिथली?"

"नॉर्मल आहे."

"नॉर्मल रिंगवर खेळणारं पोर गोणी फेकल्यासारखं फेकत नाही. तुझे गुडघे वाकतच नाहीत. नेम शेवटी, आधी गुडघे वाकवून सरकणं, थांबणं, वळणं आणि डाव्या हाताचे टप्पे शीक. पुढच्या महिन्यात शेवटची निवड आहे. ये. पण अशी येऊ नकोस."

गोड बोलल्या नाहीत, बरं झालं. गोड बोलणाऱ्यांनीच पोरांची वाट लावलीय.

घरी येऊन अबोलीने मोजायची टेप मागितली. तिचे वडील जयप्रकाश पावणे इथल्या एका कारखान्यात फिटर, टेप त्यांच्या पिशवीत असायचीच. रिंग भरली साडेआठ फूट. असायला हवी दहा.

जयप्रकाशनी टेप गुंडाळली. रिंग त्यांनीच खाली घेतली होती. पहिल्या मजल्याच्या काचेवर चेंडू येतो म्हणून तक्रार झाली, तेव्हा सेक्रेटरी श्यामसुंदर म्हणाले होते, "भाऊ, थोडी खाली घ्या ना. काच पण वाचेल, पोरांच्या बास्केट पण पडतील." जयप्रकाशनी खांबाला नवी भोकं पाडून दिली. पोरं खूश, आया टाळ्या वाजवतायत, रिंगला लटकून रील निघतायत. सगळ्यांनी मिळून पोरांना खोटं जिंकायला शिकवलं आणि वर त्याला प्रोत्साहन म्हणायचं. डोंबल!

"बाबा, वर घ्या ती."

"श्यामभाऊंना विचारू आधी."

श्यामसुंदर खालीच होते. त्यांचा मुलगा तेजस रिंगला लटकला होता, ते मोबाइलवर शूट करत होते.

"आत्ता कसं जमेल?" ते म्हणाले. "रविवारी शेजारच्या टॉवरबरोबर मॅच आहे. बॅनर लागलाय. पोरांचा कॉन्फिडन्स जाईल हो."

"काका, दीड फुटात जातो तो कसला कॉन्फिडन्स?"

"बघा, जीभ बघा पोरीची! तुझ्या एकटीसाठी सगळ्यांनी टेन्शन घ्यायचं का?"

"एकटीसाठी नाही. तेजसला सांगा, डाव्या हाताने टप्पे मारत त्या गेटपर्यंत जाऊन दाखव."

"डाव्या हाताने कशाला?" तेजस वरूनच ओरडला. "मी काय लेफ्टी आहे?"

पोरं खिदळली.

"आणि काच फुटली तर?" श्यामसुंदर म्हणाले.

"मी जाळी लावून देतो," जयप्रकाश हळूच म्हणाले.

"मग मीटिंगमध्ये ठेवू विषय."

"मीटिंग होईपर्यंत निवड होऊन जाईल," अबोली म्हणाली. ती वॉचमनच्या खोलीमागून शिडी ओढत घेऊन आली, खांबाला लावली आणि वडिलांपुढे हात केला. "पाना द्या. तुम्ही नाही तर मी चढते."

फ्लॅट घेतल्यापासून जयप्रकाशनी सोसायटीत कोणाशी वाकडं घेतलं नव्हतं. त्यांनी सेक्रेटरीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि शिडीवर पाय ठेवला.

"ए जयप्रकाश, हे बरं नाही हां!" 'भाऊ' गळून पडला होता.

"खाली मीच घेतली ना? मग वर पण मीच घेणार."

नट गंजले होते, तरी सुटले. जुनी भोकं तशीच होती. काम झाल्यावर तेजसने धावत येऊन उडी मारली. बोटं जेमतेम रिंगच्या जाळीला लागली. तो नुसता वर बघत राहिला.

रविवारची मॅच सोसायटी हरली. खापर अबोलीवर फुटलं. लिफ्टमध्ये बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. ती खाली उतरून सराव करत राहिली. मॅडमनी सांगितलं तेवढंच. गुडघे वाकवून बाजूला सरकायचं. धावता धावता थांबायचं. एक पाय जमिनीला खिळवून त्याच्यावरच वळायचं. डाव्या हाताने टप्पे. नेम धरणं सगळ्यात शेवटी, दहा फुटांवर.

"अगं, ही तर लंगडी खेळतेय!" पोरं ओरडायची.

"ये ना मग, पकड," ती म्हणायची. कोणाला चेंडू काढून घेता आला नाही.

शेवटच्या निवडीत चेंडू हातात आला तेव्हा ती रिंगपासून लांब होती. मैदानाबाहेरून पालक बोंबलले, "मार! मार ना!" समोर दोघी अंगावर आल्या. अबोली थांबली, पाय खिळवला, वळली, मोकळ्या पोरीला पास दिला आणि फटीतून आत घुसली. चेंडू परत मिळाला. दोन पावलं, डावा हात. चेंडू फळीवर आपटून रिंगवरून घरंगळला. बाहेर.

पण तिचे गुडघे वाकलेलेच होते. उडी मारून तिने चेंडू हवेतच घेतला आणि वर ठेवला. आत.

"पहिला का हुकला?" राजेश्वरी मॅडमनी विचारलं.

"मनगट अर्धंच वळलं."

"कळलं ना? मग उद्यापासून सकाळी सहाला संघाबरोबर ये. आणि शूटिंगची घाई नको."

अबोलीने मान हलवली, चेंडू डाव्या हातात घेतला आणि रांगेत मागे जाऊन उभी राहिली.