चौदा वॉर्डांचा भागाकार

"पण आठ खाली का उतरवायचा?" मुंगीनं विचारलं.

"उतरवायचा म्हणजे उतरवायचा!" बाप म्हणाला. "आमच्या मास्तरांनी उतरवला, आम्ही उतरवला, आता तू उतरव."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडी होती. ३७८ भागिले १४. शेजारी शाळेतल्या बाईंचा लाल शेरा होता : 'भागाकार येत नाही. पालकांनी लक्ष द्यावे.' असे शेरे कुणाच्या घरी येत नाहीत?

मुंगी चौथीत होती. अंगानं बारीक आणि सतत काहीतरी वेचत असायची, म्हणून आईनं ठेवलेलं हे नाव. तिची आई जाऊन अडीच महिने झाले होते. तोवर अभ्यास आईकडे होता. बाप कारखान्यात फिटर, हात धुऊन जेवायला बसला की त्याचा दिवस संपायचा. आता अभ्यासही त्याच्याकडे आला होता.

"चौदा साते?"

"चौदा साते... चौदा साते..."

"अठ्ठ्याण्णव! झोपेतून उठवलं तरी यायला पाहिजे. मठ्ठ कुठली!"

मुंगीनं मान खाली घातली. मग तिनं वहीची मागची पानं उलटली. तिथल्या समासात पेन्सिलीनं बारीक आकडे भरले होते. ते बघत बघत तिनं नव्या पानाच्या समासात १४० लिहिले.

"हे काय चाललंय?"

"आईची रीत. आधी सगळ्यांना दहा-दहा द्यायचे. मग उरतील त्यातून—"

"तुझी आई शिकली चौथीपर्यंत! भागाकार म्हणजे काय पंगतीत वाढणं आहे? आणि समास कशाला घाण करून ठेवलाय?"

त्याला खाडाखोड खपायची नाही. कारखान्यात त्याच्या कामावर ओरखडा सापडायचा नाही, हे तो अभिमानानं सांगायचा. त्यानं खोडरबर घेतलं आणि एकेक समास स्वच्छ पुसून काढला. तीन पानं झाली. वरचा भुगा त्यानं फुंकरून उडवला.

"बाबा, ते आईनं लिहिलेलं होतं!"

त्याचा हात थांबला. त्यानं वही खिडकीजवळ नेली, तिरपी धरून पाहिली. कागदावर कुठेकुठे पेन्सिलीचा दाब दिसत होता. एका सातचा पाय राहिला होता. बाकी सगळं गेलं होतं. बायकोनं घरात फारसं काही लिहिलेलंच नव्हतं. तिच्या हातचं जे काही होतं ते एवढंच होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं पुसलं होतं.

मुंगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती वेळेवर अभ्यासाला बसायची, गणित उतरवून घ्यायची, पट्टीनं रेघ मारायची आणि खालची जागा कोरी सोडायची.

"सोडव ना गं."

"नाही येत मला."

चाचणीतही तिनं तेच केलं. पेपर कोरा. बाईंनी चिठ्ठी पाठवली, की सोमवारपासून मुंगीला कच्च्या मुलांच्या रांगेत बसवावं लागेल. चिठ्ठी वाचून बापाला शाळेचं काही वाटलं नाही. त्याला मुलीच्या चेहऱ्याची भीती वाटली. 'मला येत नाही' हे तिनं आता मान्य करून टाकलं होतं.

त्याच शनिवारी तो दवाखान्यात गेला. बायको तिथे चादरींच्या खोलीत कामाला होती. चौदा वॉर्डांच्या चादरी धुऊन आल्या की मोजून, वाटून पाठवायच्या, हे तिचं काम. शेवटचे सहा दिवस ती तिथल्याच नऊ नंबरच्या वॉर्डात, तशाच एका चादरीवर होती. तिचं कपाट रिकामं करायचं राहिलं होतं.

खोलीतल्या मुख्य बाई साठीच्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांच्यासमोर चौदा ढकलगाड्या रांगेत होत्या.

"या भाऊ. पाच मिनिटं थांबा, एवढं वाटून होऊ द्या. किती गं आज?"

"तीनशे चौसष्ट," आतून कुणीतरी म्हणालं.

"दहा-दहा टाका!" प्रत्येक गाडीवर दहा चादरींचा गठ्ठा पडला. "एकशेचाळीस गेल्या, दोनशे चोवीस उरल्या. अजून दहा-दहा! उरल्या चौऱ्याऐंशी. आता पाच-पाच, सत्तर गेल्या. उरल्या चौदा, एकेक टाका की मोकळे! सव्वीस-सव्वीस झाल्या."

बाप बघत राहिला. "अक्का, हे असं... पाटीवर मांडत नाही तुम्ही?"

"मांडत बसले तर वॉर्डातला माणूस तोवर उघड्या गादीवर निजेल! आणि रीत माझी नाही हो. तुमच्या बायकोची. आधी आम्ही एकेक चादर टाकत फिरायचो, पाय मोडायचे. ती म्हणाली, अक्का, जेवढं सोपं तेवढं आधी देऊन टाकू. तुम्हांला बोलली नाही कधी?"

"बोलली असेल. मी ऐकलं नसेल."

"माणूस आपल्या घरातल्यांना शहाणं समजतच नाही, भाऊ. घरातली बाई हिशेब करते तो अंदाज, आणि आपण करतो ते गणित! भागाकार म्हणजे सगळ्यांना सारखं वाटणं. तुमची शाळेची रीत तरी दुसरं काय करते?"

त्यानं मनात मांडून पाहिलं. ३७८ भागिले १४. सदतिसात चौदा दोनदा. पण ते सदतीस म्हणजे सदतीस दहा! तो दोन म्हणजे वीस! प्रत्येकाला वीस देऊन झाले, उरले नव्वद, आणि न वाटलेले आठ त्यांना येऊन मिळाले. म्हणून आठ खाली उतरतो! पस्तीस वर्षं तो आठ उतरवत आला होता आणि का ते त्याला ठाऊक नव्हतं. मुलीनं तेवढंच तर विचारलं होतं!

"अक्का," तो म्हणाला, "पोरगीला मी मठ्ठ म्हणालो."

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बायकोच्या कपाटाची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

घरी येऊन तो मुंगीच्या समोर बसला. "मला आईची रीत शिकव."

"तुम्हांला येतं की भागाकार."

"मांडता येतो. कळत नव्हता." मग खाली बघून म्हणाला, "ती पानं मी पुसली. विचारलं नाही तुला. चुकलो मी."

मुंगीनं वही पुढे ओढली. मग तिनं लिहिलं, ४१६ भागिले १३, आणि वही त्याच्याकडे सरकवली. त्यानं भीतभीत प्रत्येकाला पाच दिले. पासष्ट वजा केले.

"दहा दिले असते तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"मग खोडू?"

"नको! कमी दिले तर पुन्हा द्यायचे. खोडायचं कशाला?"

पाच, मग दहा, आणखी दहा, मग पाच, मग दोन. बत्तीस. शेवटचे दोन मुंगीनं लिहिले. तेरा त्रिक, तेरा चोक असं काही न पुटपुटता.

सोमवारी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेला. बाईंनी वही पाहिली, उत्तर पडताळलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चोपन्न मुलं आहेत हो, कसं केलंस हे विचारायचं राहूनच जातं." त्यांनी मुंगीला फळ्यापाशी बोलावलं. बाप दाराबाहेरून ऐकत होता. आधी खडूची करकर आली. मग ऐकू आलं, "आधी सगळ्यांना दहा-दहा द्यायचे."

वाचकहो, मोठी संख्या मुलांना एका घासात गिळता येत नाही. कुणी दहा-दहानं वाटेल, कुणी निम्मे करत जाईल, कुणी पाढा म्हणेल. वाटणी सारखी झाली की भागाकार झाला. मूल वेगळ्या वाटेनं जाताना दिसलं तर रागावण्याआधी एवढंच विचारा, 'तू कसं केलंस?' ती वाट त्याला कुणी दाखवली होती, हे त्याशिवाय कळायचं नाही. या बापाला ते कळलं, पण उशिरा. मुलगी पुन्हा गणितं सोडवू लागली. त्या तीन पानांचे समास मात्र कोरेच राहिले.