कोरड्या कचऱ्याचं मशीन

दुरुस्तीच्या दुकानात पुंजारामने बटण दाबलं. व्हॅक्युम क्लीनर क्षणभर घुरघुरला, तांबडा दिवा लुकलुकला आणि मशीन गप्प झालं.

"मावशींनी यानं फरशीचं पाणी ओढलंय," आरती म्हणाली. "कोरड्या कचऱ्याचं मशीन हे. तुमच्या तोंडून ऐकू दे, म्हणजे उद्यापासून यांचं काम बंद."

"म्या हात बी लावला न्हाई त्याला," तिची कामवाली रंगुबाई म्हणाली. "मला माजा झाडू बरा."

आरतीचा नवरा कल्याण दाराला टेकून, एक गाल फुगवून मोबाईल बघत होता.

पुंजारामने बॅटरीला मीटर लावला. बॅटरी ठीक होती. फिल्टर काढून पुन्हा बटण दाबलं, तेच. बोटाने आतला पंखा फिरवायला गेला, तो हलेना. मग स्क्रू काढून त्याने मोटर उघडली आणि तोंड फिरवलं.

"ओलंच ओढलंय."

"बघा! मी म्हणत नव्हते?"

"बारा वरसं झाली तुमच्याकडं, ताई," रंगुबाई एवढंच म्हणाली.

पुंजारामने वर्तमानपत्र पसरलं. पंख्याला बसलेला लगदा खरवडून त्यावर घेतला. पिवळट, चिकट, केसांनी गुंतलेला. आत सुपारीची खांडं होती. चुन्याचा, तंबाखूचा आणि शिळ्या थुंकीचा वास दुकानभर पसरला.

"हे फरशीचं पाणी न्हाई, ताई. मावा हाय. कुनीतरी थुंकलंय अन् वरून मशीन फिरवलंय."

सवयीने रंगुबाई फडक्याकडे वळली. पुंजारामने फडकं मागे ओढलं.

"तुमी नगा हात लावू."

आरती नवऱ्याकडे वळली.

"परवा या मशीननं गाडी तुम्हीच साफ केली ना?"

कल्याण बाहेर गेला. पायरीवर पचकन आवाज झाला.

आरतीने एकदा कागदाकडे पाहिलं. मग पर्स उचलत म्हणाली, "चला मावशी, गाडीत बसा. फरशी राहिलीय अजून."

रंगुबाईने गाडीचं मागचं दार उघडलं. खालच्या मॅटवरचे पिवळट डाग पाहिले. दार हळूच लावलं.

"मी जाते रिक्षानं घरी, बेलापूरला."

"आणि उद्या?"

रंगुबाईने दाराला लागलेला हात पुसायला पदर धरला, मग सोडला. हात दुकानाच्या भिंतीला घासला आणि ती स्टँडच्या दिशेने चालू लागली.