अकरा मुठी

प्रमिलाबाईंच्या घरातून फुकट काही बाहेर जात नसे. गेलंच, तर ते घरात आधीच नकोसं झालेलं असे. आंबट झालेलं ताक, एका अंगाने काळी पडलेली पपई, कडी निखळलेली बादली, असल्या ऐवजावर त्यांनी गल्लीत दानशूर म्हणून नाव कमावलं होतं. घेणाऱ्याने तोंडभरून आशीर्वाद द्यावा अशी त्यांची अपेक्षा असे, आणि तो आशीर्वाद त्या पदरात बांधून घेतल्यासारखा घेत.

यंदा रब्बीला त्यांचा मुलगा मगन याने हरभऱ्याच्या बियाण्याच्या दोन पिशव्या आणल्या. ऐन वेळी नाल्याकाठच्या तुकड्यात गहू टाकायचं ठरलं आणि एका पिशवीच्या तळाशी अर्धा किलोभर बियाणं उरलं. फोडलेली पिशवी शिंदखेड्याच्या दुकानदाराने परत घेतली नाही. वर बजावलं, "अक्का, औषध लायेल बी शे. ढोरेसले, पाखरेसले घालू नका."

कीड लागू नये म्हणून चोळलेल्या त्या विषारी औषधाने दाणे अक्षतांसारखे गुलाबी दिसत होते. चांगले टपोरे. प्रमिलाबाई येता-जाता पिशवीकडे बघत. फेकायचं म्हणजे काय, धान्य आहे ते!

त्याच दिवसांत शाळेत ज्योती मॅडमनी नवीन टूम काढली. गावाने आपल्याला काय दिलं आणि आपण गावाला काय देतो, हे पोरांना शिकवायचं. गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची नावं पोरांनीच फळ्यावर लिहिली. शुक्रवारी प्रत्येकाने घरून मूठभर हरभरा आणायचा, शनिवारी सकाळच्या शाळेत त्याच्या घुगऱ्या शिजवायच्या आणि डबे घेऊन घरोघर पोचवायच्या. एकच नियम होता. हरभरा जमा करायच्या माठाच्या तोंडाला फडकं बांधलेलं असणार, फडक्याखालून हात घालून मूठ सोडायची. कोणी किती दिलं, कसलं दिलं, कोणी बघायचं नाही.

प्रमिलाबाईंची नात पुनम तिसरीत होती. तिने हा नियम घरी सांगितला तेव्हा आजीने तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

"कोणी बघत नाही?"

"मॅडमसुद्धा नाही."

गुरुवारी दिवस मावळायच्या आत प्रमिलाबाईंनी मोरीवर बसून ते बियाणं तीन पाण्यांतून धुतलं. पहिलं पाणी लालभडक निघालं, दुसरं गुलाबी, तिसरं जवळजवळ स्वच्छ. जवळजवळ, या शब्दात माणूस किती काही बसवतो! दाणे पंच्यावर पसरून वाळवले. शुक्रवारी पुनम "आजी, मूठ," म्हणत आली, तेव्हा त्यांनी तिच्या हातात गच्च भरलेली कापडी पिशवी दिली.

"मूठ काय मागतेस? ही घे. आपल्या घरचं आहे."

पुनमचे डोळे केवढे मोठे झाले. संध्याकाळी ती उड्या मारत परतली. "आजी, ओतायचं नाही म्हणाल्या मॅडम, मूठ म्हणजे मूठ. मग मी अकरा वेळा हात घातला. अकरा मुठी! बठ्ठासना पेक्षा, सगळ्यांपेक्षा जास्त!"

प्रमिलाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रात्री त्यांना झोप छान लागली.

सकाळी मागच्या कुडापलीकडून शेजारच्या रिक्षावाल्या धनसिंगची हाक आली. "अक्का, मन्या दोन कोंबड्या मरी गयात व! रोग ना काई. काल तुमनी मोरीकडे चरी राहिंत्यात."

"मंग? मना का दोष?" प्रमिलाबाई नेहमीच्या सवयीने म्हणाल्या आणि त्यांची नजर मोरीकडे गेली.

मोरीचं पाणी जाई त्या पेरूच्या बुडाशी चिखल अजून गुलाबी होता. धुताना सांडलेले पाच-सात दाणे तिथे त्यांनीच पाहिले होते, नंतर वेचू म्हणून सोडले होते. आता एकही नव्हता.

त्यांनी चपला घातल्या नाहीत. मगन आणि सून शेतात गेले होते. शाळेपर्यंतच्या वाटेवर त्यांच्या डोक्यात दोनच वाक्यं आळीपाळीने येत होती. सांगितलं, तर गाव म्हणणार, हिने पोरांना औषध चारलं. नाही सांगितलं, तर... दुसरं वाक्य पुरं होत नव्हतं.

शाळेच्या पटांगणात तीन दगडांवर पातेलं होतं. नुकतंच खालचं सरपण ओढलेलं. पोरं डबे घेऊन रांगेत उभी होती, आणि जिरं-लसणाच्या फोडणीचा असा वास सुटला होता की कोणाच्याही तोंडाला पाणी सुटावं.

"या अक्का!" ज्योती मॅडम म्हणाल्या. "अजून पोरांपैकी कोणाला वाढलं नाही. आधी म्हाताऱ्यांचे डबे, मग आपण, असं ठरलंय."

प्रमिलाबाई पातेल्यापाशी गेल्या, वाकून बघितल्यासारखं केलं, आणि गुडघ्याने जोर लावला. पातेलं कलंडलं. ऊन पाणी त्यांच्या पावलावर आलं, घुगऱ्या मातीत पसरल्या.

"पदर अडकला व माय!"

पोरांच्या रांगेतून एकच उसासा निघाला. कोणी रागावलं नाही. मॅडम धावत पाणी घेऊन आल्या, "भाजलं का अक्का?" प्रमिलाबाईंना हेच सगळ्यात जड गेलं.

अमृत नावाचा एक बारका पोरगा मात्र खाली बसून वरवरचे दाणे उचलू लागला होता. "मॅडम, ह्या चांगल्या शेत."

"ठेव खाली!" प्रमिलाबाईंनी त्या ढिगावर पायाने माती लोटली. "पोट बिघडेल. मी देते ना, घरचा चांगला हरभरा देते. पाच किलो देते."

चांगला, हा शब्द त्यांच्या तोंडून निसटला. पण मॅडमचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या पोरांना समजावत होत्या, "जाऊ द्या रे. एक डबा तरी वेळेवर गेला. पुनमने शिजल्या-शिजल्या आधी मागून घेतला. भाईदास आबांचा."

प्रमिलाबाईंच्या पावलाची आग एकदम थांबली.

भाईदास आबा म्हणजे त्यांच्या यजमानांचे चुलतभाऊ. नाल्यापलीकडे एकटे राहत, पोरं सुरतला. एका बांधावरून नऊ वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. त्याच बांधावर उभं राहून प्रमिलाबाई अर्ध्या गावादेखत ओरडल्या होत्या, "औषध पिऊन मरा एकदाचे!" भांडणात माणूस काहीही बोलतो. पण गावाला बाकी काही आठवो न आठवो, असली वाक्यं पाठ असतात.

त्या नाल्याकडे निघाल्या. धावतच निघाल्या. पण नाल्यावरच्या फरशी पुलावर आल्यावर एक विचार त्यांच्या पुढे येऊन उभा राहिला. म्हातारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. दम लागतो. अशा माणसाला उद्या काही झालं, तर लोक वयच सांगतील. माठाला फडकं होतं. पातेलं मातीत गेलं. विचारायला कोण येतंय?

त्यांचे पाय सावकाश झाले. जरासेच, पण झाले.

तेवढ्यात पलीकडून पुनमचं हसू ऐकू आलं, आणि आबांचा खरखरीत आवाज. "अशी नही चालाव. पहिला घास तुना, मंग मना."

त्यानंतर प्रमिलाबाई कशा पळाल्या ते त्यांना नंतर कधी सांगता आलं नाही. दारात पोचल्या तेव्हा आबा खाटेवर बसले होते, समोर थाळी, आणि चार दाणे पुनमच्या तोंडाजवळ धरलेले. त्यांनी हातावरच फटका मारला. दाणे भिंतीपर्यंत उडाले.

आबांनी वर, दारातून आत आलेल्या प्रमिलाबाईंकडे पाहिलं. "नऊ वरीसमा दारमा वनी, आन् पोरना तोंडना घास काढाले वनी?"

प्रमिलाबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "औषध शे त्यामा. बियाणं शे. मी दिन्हं."

आबांनी थाळी हळूच खाली ठेवली. "माले माराले?"

"नही वो आबा." त्या भिंतीपाशी उडालेले दाणे वेचू लागल्या. "फेकाले जीव नही व्हयना."

आबांनी थाळीवर फडकं टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुनम कधी आजीकडे, कधी आबांकडे बघत होती, आणि मग तिने सांगून टाकलं.

"आजी, मी वाटेत खाल्ल्या. एकच मूठ. मीठ बघितलं." मग जीभ बाहेर काढून दाखवत म्हणाली, "जीभ कडू लागतेय."

आबा उठले. दम लागणाऱ्या माणसाने पोरीला कधी उचललं, कळलंही नाही. "पिशवी शे का? बियानी पिशवी? डाक्टर औषधनं नाव इचारी."

पिशवी होती. प्रमिलाबाईंनी जन्मात कुठली पिशवी फेकली नव्हती. फडताळात घडी करून ठेवलेली ती पिशवी घेऊन त्या भर गल्लीतून परत पळाल्या, तेव्हा वरचं कवटीचं चित्र आणि त्याखालची लाल अक्षरं बाहेरच्या बाजूला होती. झाकायला दुसरा हात मोकळा होता. त्यांनी झाकलं नाही.

शाळेच्या कुंपणापाशी थांबून त्यांनी पिशवी उंच धरली. "मॅडम, ते माझं होतं. एकही दाणा कोणाच्या तोंडात जाऊ देऊ नका. मातीत पडलेलंसुद्धा खड्ड्यात पुरून टाका." मॅडमनी पिशवीवरचं वाचलं आणि पोरांना मागे ओढलं.

धनसिंगने रिक्षा काढली, कोंबड्यांचं नाव न घेता. मागे आबा, त्यांच्या मांडीवर पुनम, शेजारी प्रमिलाबाई. पुनमला दोनदा उलटी झाली. मग ती गप्प झाली आणि आजीचा पदर मुठीत धरून राहिली.

शिंदखेड्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मालगाडी होती, लांबलचक. मोटरसायकलवाले जवळ आले, डोकावले. "काय झालं व पोरले?"

आबांनी तोंड उघडायच्या आत प्रमिलाबाई बोलल्या. बियाणं कुठलं, किती धुतलं, कोणी दिलं, कशासाठी दिलं, सगळं, मोठ्याने, पिशवी मांडीवर पसरून. ऐकणारे दोन पावलं मागे सरकले.

मालगाडीचे डबे जातच होते, एकामागून एक. त्यांना आता कोणाकडे बघायचं नव्हतं. पदरावरची ती छोटी मूठ सैल होत होती, आणि त्या दोन्ही हातांनी ती पुन्हा पुन्हा मिटवत होत्या.