आत कोण हाय?

गहिनीनाथच्या तोंडात पहिली चपराक बसली तेव्हा सटवा अजून खालीच होता. दुसरी बसली तेव्हा तो शेडच्या पत्र्यावर होता.

पत्र्यावर म्हणजे अगदी पत्र्यावर. खाली छावणीतली गुरं दावणीला उभी, हौदाभोवती रिकामी टिपाडं, आणि मधोमध सटवाचं स्वतःचं अंग. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. ते अंग गहिनीनाथची मानगूट धरून त्याचं तोंड गव्हाणीच्या दगडावर आपटत होतं. एक दात उडाला आणि मक्याच्या कुट्टीत जाऊन पडला. गहिनीनाथची बायको ओरडत होती, म्हशी दावं ओढत होत्या, आणि वर सटवा निवांत बघत होता. अरेच्चा, आपल्याला मागून टक्कल पडायला लागलं की, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. काय म्हणावं अशा माणसाला!

गहिनीनाथचा गुन्हा एवढाच, की छावणीचा टँकर चेअरमनच्या मोसंबीकडं वळतो हे तो पारावर मोठ्यानं बोलला होता.

त्या साली नेकनूरपासून धारूरच्या डोंगरापर्यंत विहिरींचे तळ दिसत होते. सरकारनं गुरांच्या छावण्या उघडल्या. गावातली छावणी दूध सोसायटीकडं आली, आणि सोसायटी म्हणजे चेअरमन सुंदरराव. पाणी त्यांच्या हातात, चारा त्यांच्या हातात, आणि हातात काठी म्हणून सटवा. अख्खा शिवार वाळून कोळ झाला होता, सुंदररावांची मोसंबी मात्र हिरवीगार. लोकांना काय डोळे नव्हते? होते. पण सटवाचे हात त्यांनी पाहिले होते.

ही बाहेर जायची विद्या सटवाला पोरपणीच लागलेली. बाप, बन्सी, त्याला बैलाच्या कासऱ्यानं मारायचा, तोही पाण्यात भिजवून. एकदा असंच चाललं असताना पोरगं अचानक घराच्या आढ्यावर जाऊन बसलं आणि वरून आपल्याच पाठीवरचे वळ बघायला लागलं. दुखलं काही नाही. खाली आल्यावर दुखलं. मग शेजारची भिवराबाई त्याला ओढून आपल्या घरी न्यायची, वळांवर हळद आणि तेल लावायची, भाकरी द्यायची. मग ती आपल्या जालिंदरला कुशीत घेऊन झोपायची आणि सटवा उंबऱ्यावर पडून त्या दोघांकडं बघत राहायचा. तिला तो आये म्हणायचा. तीही ओ द्यायची. माउली होती, दुसरं काय.

बाप मेला, मार थांबला, विद्या गेली. ती परत आली मोबाइलवरून. त्यात एक हिंदी बोलणारा बाबा सापडला. बाबा सांगायचा, उताणे पडा, अंग ढिलं सोडा, छताला दोर लोंबतोय असं समजा आणि हात न हलवता त्यावरून वर चढा. बाबाचा दोर रेशमाचा असेल. सटवाला दुसरा कुठला दोर आठवणार? त्याला बापाचा कासराच दिसला. तो कासरा धरून चढला आणि चक्क बाहेर पडला. पुढं पुढं उताणं पडायचीही गरज राहिली नाही. कुणाला हाणायचं असलं की पहिल्या फटक्यालाच कासरा समोर लोंबायचा.

आणि त्यातून त्यानं स्वतःपुरती एक समजूत काढली. भिवराबाईच्या घरी देवी होती. बायकांच्या अंगात वारं आलं की लोक त्यांना तिच्यापुढं आणत. ती कपाळाला हळद फासायची, केस धरायची आणि विचारायची, "कोण हाय आत? नाव सांग." नाव आलं की दुसरा सवाल, "काय पायजे?" कुणी नारळ मागे, कुणी कोंबडा. आणि वाऱ्यात केलेल्या कामाचा दोष बाईला नाही, असा गावाचा कायदाच. वच्छलाबाईनं एकदा वाऱ्यात सासूच्या कानाखाली असा जाळ काढला की म्हातारी भेलकांडली, आणि वरून सासूच सुनेच्या पाया पडली! सटवानं ते पाहिलेलं. त्यानं हिशेब केला तो असा. जो आत, त्याचं काम. आपण तर बाहेर असतो. मग आपल्याला कसला दोष?

चेअरमनपुढं तो यातलं एखादं वाक्य बोलून गेला होता, पण सगळं उलगडून सांगितलं ते फक्त जालिंदरला. दोघं बाभळीखाली बसले होते.

"तू बाहेर जातो, बरं," जालिंदर म्हणाला. "मग हात कोण हालवतं बे?"

"हात आपला आपला चालतो. सवय हाय त्याला."

"बैल बी सवयीनं चालतो. पण कासरा कुणाच्या तरी हातात असतो न्हाई का?"

"सटवाईनं लिहिलंय तसं व्हतं. माझं नावच तिचं हाय."

"तिच्यावर कशाला ढकलतो? एकदा वरून थांबवून बघ की. थांबला हात, तर तुझा. न्हाई थांबला, तर मी तुझ्या पाया पडतो."

सटवा हसला, पण ते बोलणं त्याला लागलं. कारण थांबवून त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

गहिनीनाथचं तोंड सुजलं आणि छावणीत लोकांचं डोकं फिरलं. जालिंदर टँकरच्या वाटेत आडवा झाला. गुरांचं पाणी गुरांना मिळाल्याशिवाय चाक हलू देणार नाही म्हणाला. त्या दिवशी टँकर मुकाट्यानं हौदावर रिकामा झाला. म्हशी मनसोक्त प्यायल्या, बायकांनी जालिंदरची दृष्ट काढली.

सुंदररावांनी सटवाला जीपपाशी बोलावलं.

"सट्या, उद्या टँकर पुन्हा निघंल. तो पुन्हा झोपंल. पाय मोड त्याचे. जीव न्हाई गेला पायजे, पण पुन्हा वाटंवर यायला पाय न्हाई राहिले पायजेत."

"साहेब, जालिंदर हाय तो. त्याच्या आईच्या हातचं खाल्लंय मी."

"मग काय झालं? तूच म्हणतो ना, मारताना तू नसतो म्हणून? नको राहू." आणि सुंदरराव खदखदून हसले.

जालिंदरचे पाय! या पायांच्या मागं सटवा करवंदं तोडायला धारूरचा डोंगर चढला होता. नाही म्हणावं, तर सुंदररावांपुढं आजवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. मग त्याला जालिंदरचंच बोलणं आठवलं, आणि एक तोड सुचली. बाहेर पडायचं आणि वरून अंगाला सोडून द्यायचं. मालकच नाही म्हटल्यावर अंग आपोआप खाली पडेल. लोक म्हणतील, उन्हाची भोवळ आली. जालिंदर वाचला, चेअरमनलाही तोंड वर करून सांगता येईल.

त्यानं करूनही पाहिलं. दुपारी कडब्याच्या गंजीवर उताणा पडला, कासरा धरून चढला, वरून स्वतःकडं बघत राहिला. ओठावर माशी बसली. "हाणू नको," तो वरून म्हणाला. माशी ओठावरून नाकावर गेली, नाकावरून डोळ्याच्या कडेला. हात हलला नाही. झालं! सटवाला इतका आनंद झाला म्हणता, की खाली येऊन त्यानं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. माशीचा त्याला राग कधीच नव्हता, हे त्या येड्याच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगाला चटके देत होतं. बागेकडं जाणाऱ्या फाट्यावर टँकर थांबला. चाकापुढं जालिंदर उताणा पडला होता, हात डोक्याखाली. छावणीतले लोक लांब उभे. सुंदररावांची जीप झाडाखाली, काचा वर.

"ये सट्या," जालिंदर हसत म्हणाला. "बापाचा कासरा आणलाय का?"

सटवाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. त्यानं डोळे मिटले, कासरा धरला, भराभरा चढला आणि टँकरच्या टाकीवर जाऊन उभा राहिला. खाली त्याचं अंग दांडा घेऊन उभं होतं. "पड," तो म्हणाला. "पड खाली."

अंग पडलं नाही. अंगानं दांडा वर नेला.

"थांब! अरे थांब!"

दांडा उजव्या नडगीवर बसला. वाळलेलं सरपण मोडावं तसा आवाज आला. जालिंदर असा ओरडला की छावणीतली बसलेली गुरं उठून उभी राहिली. दुसरा घाव गुडघ्यावर. वाटी सरकून बाजूला आली, पायजम्यातून हाडाचं टोक बाहेर पडलं, आणि धुळीत रक्ताचा चिखल व्हायला लागला. एकजण अडवायला धावला. अंगानं वळून त्याच्या बरगडीत दांडा घातला, तो तिथंच बसला. सटवा वरून बोंबलत होता, हात जोडत होता, आणि खाली अंगाला त्याचं काही म्हणजे काही ऐकू जात नव्हतं. तिसरा घाव पुन्हा त्याच पायावर.

तेवढ्यात भिवराबाई आली. अनवाणी, डोक्यावरचा पदर पडलेला, हातात देवीपुढची हळदीची वाटी. लेकाच्या पायाकडं तिनं एकदाच पाहिलं. मग मूठभर हळद सटवाच्या कपाळावर हाणली, दोन्ही हातांनी त्याचे केस धरले आणि डोळ्यांत डोळे घालून ओरडली.

"कोण हाय आत? नाव सांग!"

अंग थांबलं. लोकांनी श्वास सोडला. म्हणजे हा सटवा नव्हे तर! कुणी खवीस असेल, कुणी म्हसोबा असेल. टाकीवर सटवालाही भरून आलं. आता निघेल खरं नाव. बापच असेल आत, दुसरा कोण एवढा मारतो? बन्सीचं नाव घे, तो वरून विनवायला लागला, बन्सीचं घे.

खालचं तोंड उघडलं. आवाज बारीक होता, उंबऱ्यावर पडलेल्या पोराचा.

"मी हाय, आये. सटवा."

भिवराबाईचे हात ढिले पडले. पण सारी हयात एका सवालामागून दुसरा सवाल करत आलेली बाई ती. तिच्या तोंडून तो गेलाच.

"काय पायजे?"

"त्याचा दुसरा पाय."

कासरा दिसला नाही, उतरणं झालं नाही. सटवा एकदम खाली होता. हळद डोळ्यांत झोंबत होती. रक्ताचा आणि डिझेलचा वास येत होता. दांड्याची एक कूस तळहातात रुतली होती, ती दुखत होती. त्यानं एक बोट उघडून पाहिलं. उघडलं. दुसरं उघडलं, तेही उघडलं. दांडा टाकता येत होता. चेअरमनची काच वर होती, बापाची तर राखही राहिली नव्हती, आणि त्याचा हात कुणीही धरला नव्हता. हे त्याला इतकं लख्ख कळलं की तो घाबरला. मी टाकतो हा, आये, असं त्याच्या अगदी ओठावर आलं.

भिवराबाईनं त्याच्याकडं पाठ केली. ती धुळीत बसली, जालिंदरचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि पदरानं त्याचं तोंड पुसायला लागली.

सटवा बघत उभा राहिला. मग त्यानं दोन्ही बोटं मिटली, दांडा नीट धरला, आणि जालिंदरच्या डाव्या पायावर घातला.

या खेपेला तो कुठंही गेला नव्हता.