आठ जणांची एक तार

मी एक तार बोलतेय. दिव्याची नव्हे, फोनचीही नव्हे. काडेपेटीतल्या काडीएवढी माझी जाडी, आणि मुक्काम एका क्वांटम संगणकाच्या शीतपेटीत. तिथल्या थंडीपुढे तुमचा कडाक्याचा हिवाळा म्हणजे उन्हाळाच.

कारखान्यातून मी वेटोळी होऊन आले. तारकाम करणाऱ्या काकांनी मला मार्करभोवती हळूहळू वाकवून वळणं दिली. घाई केली असती तर मी पिचले असते.

पेटीच्या तळाशी आठ क्यूबिट आहेत. संगणकाची खरी आकडेमोड तेच करतात. पूर्वी प्रत्येकाला स्वतंत्र तार होती, पण प्रत्येक तार वरची ऊब खाली आणायची आणि जागाही अडवायची. म्हणून प्रयोगशाळेच्या मॅडमनी आठांना मिळून एकच तार दिली, ती मी. प्रत्येकाचा सूर वेगळा. ज्याचा सूर माझ्यातून जाईल, त्यानंच वळायचं.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. मग पाचव्याला हाक मारली की सहावाही वळू लागला, आणि खापर फुटलं माझ्यावर. मॅडमना नीट जेवण जाईना. सोमवारपर्यंत जमलं नाही तर जुन्या तारा परत बसवा आणि ही कल्पना सोडा, असं वरिष्ठांनी बजावलं होतं. मॅडमची चार वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. मला फार वाईट वाटलं. मी तर मिळेल ते इमानेइतबारे पोचवत होते.

शुक्रवारीच काका पेटी बंद करायला आले, कारण ती गरम व्हायला दोन दिवस लागतात आणि त्याशिवाय मला काढता येत नाही. बटणावर हात ठेवून ते भिंतीवरची सुरांची यादी वाचत राहिले.

"मॅडम, गळती काढायला गेल्या महिन्यात आपण पेटी गरम केली होती ना?"

"हो."

"मग या यादीवर तारीख त्याच्या आधीची कशी?"

मॅडमनी जवळ जाऊन तारीख वाचली. पेटी गरम करून पुन्हा गार केली की क्यूबिटांचे सूर जरासे सरकतात, हे त्याच सगळ्यांना शिकवत.

"काका, मीच विसरले," त्या म्हणाल्या.

काकांनी बटणावरचा हात काढला. सूर नव्यानं मोजले, तर पाचव्याचा सूर सहाव्याच्या सुराला अगदी खेटून बसलेला. मग पाचव्याला त्याच्याच नव्या सुरात, जरा सावकाश हाक मारली, म्हणजे शेजारच्या सुराला धक्का लागत नाही. तो एकटाच वळला. मॅडमनी डबा उघडला आणि अर्धा काकांपुढे सरकवला.

काका आता निवृत्त झालेत. माझ्या शेजारी माझ्यासारख्याच आणखी तिघी आल्यात. मीही कधीतरी जुनी होईन, तेव्हा खुशाल काढा. फक्त बटण दाबण्याआधी भिंतीवरची तारीख वाचा.