दोन्काच्या मुलीची खोली

कॉफीच्या मगाच्या कानाशी आलेली केसाएवढी चीर अंगठ्याच्या नखाला लागली आणि शिवांजलीचे बोट तिथेच अडले — चीर नेमकी त्या वाक्याच्या मधून खाली उतरली होती. ‘काम कुठूनही होते.’ पांढऱ्या मगावर निळ्या इंग्रजी अक्षरांत छापलेले हे कंपनीचे अधिकृत म्हणणे; दर नाताळाला कंपनी ते आपल्या माणसांना नव्याने पाठवीत असे, कधी मगावर, कधी पिशवीवर, एकदा तर पायमोज्यांवर.

विधान म्हणून ते निर्दोष होते. कंपनी हॉलंडमधली, गाईंचे दूध काढण्याची यंत्रे विकणारी. त्या यंत्रांच्या सूचनापुस्तिका तपासणे हे शिवांजलीचे काम — ‘यंत्र सुरू करण्यापूर्वी झाकण बंद असल्याची खात्री करावी’ हे वाक्य झाकणाच्याच चित्राशेजारी आले आहे ना, एवढे पाहायचे. ते बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात, टेकडीवरच्या भाड्याच्या खोलीत बसून होत होते तसेच तिच्या मुरुम गावी, भावाच्या घराच्या गच्चीवर बसूनही होत होते. गाईला दोन्हीकडून सारखेच.

खोट विधानात नव्हती, त्याच्या चाकरीत होती. एकच हेतू, म्हणजे पुढे केलेले एकच कारण, जेव्हा एक गोष्टही सिद्ध करतो आणि तिच्या नेमकी उलटही, तेव्हा जुने नैयायिक, तर्काचे पंडित, त्याला सव्यभिचार ठरवून वादातून हाकलून देत. त्यांचा मुरुमशी संबंध आलेला नसावा. इथे असा हेतू घरात मानाने नांदतो. तीन वर्षांपूर्वी, वडील गेल्यानंतरच्या त्या मुक्या हिवाळ्यात, विधवा होऊन माहेरी आलेल्या शिवांजलीने हेच वाक्य घरासमोर ठेवले होते: काम कुठूनही होते, मग तिथून का नको? घराने ते मानले आणि ती गेली. या उन्हाळ्यात आई न्हाणीत घसरली, खुबा मोडला, आणि शिवांजली थोड्या दिवसांसाठी म्हणून आली. आता आई काठीशिवाय चालत होती, आणि धाकटा भाऊ कृष्णराज तेच वाक्य तिच्यासमोर ठेवीत होता: काम कुठूनबी होतंय, मग हितून का नको? ...किल्ली तिनेच घडवलेली. फक्त आता ती बाहेरच्या बाजूने फिरत होती.

आणि भाऊ वाईट असता तर सोपे होते. कृष्णराजचे बाजारपेठेत खता-बियाण्यांचे दुकान. त्याने दुकानाचे काम बाजूला ठेवून दिवाळीच्या आत गच्चीवर ही खोली उभी केली. इन्व्हर्टर, फिरती खुर्ची, खिडकीला जाळी. आणि खुर्चीमागच्या भिंतीवर — तिच्याच फोनमधला प्लोवदिवच्या गल्लीचा फोटो त्याने फ्लेक्सवर छापून टांगला होता; कोपऱ्यांना पितळी कड्या, खाली उजवीकडे छापणाऱ्याचा मोबाइल नंबर. “घे अक्का, तुझं युरोप,” तो म्हणाला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद होता की तिने हसून मान डोलावली. त्या मान डोलावण्याची नोंद घरात संमती म्हणून झाली. फ्लेक्सवर तिची तिथली खिडकी, ताणल्यामुळे, चार-पाच राखाडी चौकोनांची झाली होती. चौकोन, त्यांच्यामागे काही नाही.

खालून सोनालीची हाक आली — भावजयीचा आवाज, आज सणाचा. येळवस. मार्गशीर्षातली ही अमावास्या आली की गावाला कुलूप लागते आणि सारे शेतात जेवायला जातात. शिवांजलीने फोन उचलला. प्लोवदिवच्या घरमालकिणीचा, दोन्काचा, निरोप सकाळपासून तसाच होता. तिच्या मोडक्या इंग्रजीत, विरामचिन्हांविना. वार्नाहून एक शिक्षक येतो आहे खोली मागतो आहे मी उन्हाळ्यापासून तुझ्यासाठी ठेवली आज संध्याकाळी त्याला सांगणार तू येतेस की नाही.

तू येतेस की नाही...

स्वस्त आणि ऐतिहासिक — कुठूनही काम करणाऱ्यांसाठी इंटरनेटवर ज्या शहरांच्या याद्या फिरतात त्यांत प्लोवदिवची ओळख या दोन विशेषणांत उरकलेली असते, जणू ती योगायोगाने शेजारी आली. ती शेजारी येतात त्याचे कारण कुणी लिहीत नाही. इतिहास तिथेच स्वस्त मिळतो जिथून त्याचे वारस उठून गेलेले असतात. दोन्काची मुलगी जर्मनीत परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, तिची आई तिथे एकटी जिना चढते, आणि त्या मुलीच्या पलंगावर मुरुमची एक बाई निजते — याला याद्यांमध्ये ‘परवडणारे’ म्हणतात. दोन्काने एकदा, टेबलावर दही ठेवताठेवता विचारले होते, तुझ्या घरी तुझ्या खोलीत आता कोण राहते? शिवांजलीने दह्याची वाटी पुढे ओढली होती. तिची म्हणावी अशी खोली मुरुमच्या घरात तेव्हा नव्हतीच. ती गेली म्हणून ती बांधली गेली.

तिथे आपण सुखी होतो का? हा प्रश्न तिने स्वतःला जीपमध्ये विचारला, मांडीवर आंबिलाचे मडके धरून, दोन्ही अंगांनी हरभरा आणि करडई मागे पळत असताना. नव्हतो. हिवाळ्यात त्या शहरावर लाकडाच्या धुराचे झाकण बसे, भिंतीला हात लावला की बोटे दुखत, आणि कित्येक रविवारी तोंडातून एक शब्द न निघता दिवस मावळे. मैत्रीण म्हणावी अशी एकही नाही. पण वरचे मजले गल्लीवर इतके झुकलेले, की समोरच्या घरातला चमचा पडला तरी ऐकू येई. जूनमध्ये लिंडनची झाडे फुलत आणि तो वास सूचनापुस्तिकांच्या पानांत शिरे. भर बाजाररस्त्याखाली रोमन क्रीडांगण उघडे पडलेले, त्याच्या संगमरवरी पायरीवर बसून ती दुपारचे खाई, आणि वरून जुम्म्याच्या मशिदीची सावली सरकत येई. दुकानाला ते लोक दुक्यान म्हणत, मोहल्ल्याला महाला, बाजाराला पझार — निजामाने मुरुमला दिले तेच सुलतानाने त्यांना देऊन ठेवलेले. पहिल्या आठवड्यात ती त्या शब्दांना बिलगली होती. नंतर तिला उमगले की आपल्याला आवडते ते हे ओळखीचे नव्हे. आवडते ते पायरीवर बसलेले असताना कुणीही न विचारणे. मी तिथे कुणाची अक्का नव्हते, कुणाची विधवा नव्हते, कुणाच्या खुब्याचा आधार नव्हते. मी पायरीवर बसलेली एक बाई होते, जिच्या शेजारी एक मांजर होते.

ही ओढ कुठल्या रकान्यात बसते? चुलतभाऊ बजरंग बारावीनंतर पुण्याला गेला, तिथून सुरतेला, तिथून कुठे ते त्यालाही सांगता येत नाही. घर म्हणते, बजरंग गेला. तेवढ्याने वाक्य पुरे होते. बाईच्या जाण्याला मात्र ‘कशाला’ची जोड लागते — शिकायला, नांदायला, बाळंतपणाला, इस्पितळाला; जोड नसेल तर ते जाणे नसते, निघून जाणे असते.

म्हणून सकाळी, तो कॉफीचा मग हातात धरून, तिने एक कारण तयार केले होते. कंपनीनं बोलावलंय. एवढेच म्हणायचे. कृष्णराज हळहळेल आणि स्वतःच हैदराबादच्या विमानतळापर्यंत गाडी काढील. आई शेंगाचटणीचे पुडे बांधील. सोनाली रडेल, तीही मनापासून. खोटे बोलणे तिच्या जिवावर आले नव्हते. ते इतके बिनबोभाट चालेल याचाच तिला राग येत होता.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली, आत चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव शालीखाली बसलेले. कृष्णराजने आंबिलाचा तांब्या घेऊन पिकाभोवती फेरी मारली आणि कानडी हाळी दिली, जिचा अर्थ देणाऱ्यालाही ठाऊक नसतो. मग पंगत. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर. रस्त्याने जाणारा एक टेम्पोवाला हाताने बोलावून आणला गेला. तो कुठला, कुणाचा, हे कुणी विचारले नाही — येळवसेला शेतात आलेल्या माणसाला काय काम काढलेत असे विचारायची रीत नाही. तो पोटभर जेवला, आडव्या हाताने मिशी पुसली आणि गेला. शिवांजली त्याच्या टेम्पोची धूळ खाली बसेपर्यंत त्या दिशेला पाहत राहिली. तिला त्याचा हेवा वाटला, आणि या हेव्याची तिला लाजही वाटली नाही.

शेजारच्या शेतातून महांतप्पामामा आले होते. आईचे मानलेले भाऊ, जिभेला हाड नसलेले. कृष्णराजने त्यांच्या पानात भज्जी वाढता वाढता सांगून टाकले की अक्का आता हितंच, कायमची. वरची खोली बघायला या, निम्मं युरोप भिंतीवर टांगलंय.

“फ्लेक्स व्हय?” मामांनी उंडा कुस्करला. “मग कोपऱ्यात तुझा फोटो कसा न्हाय टाकलास, हात जोडलेला? शुभेच्छुक म्हणून?”

सगळे हसले. कृष्णराज सर्वांत जास्त हसला. शिवांजलीही हसली, आणि हसताना तिला जाणवले की ही दुसरी संमती. तिसरीची गरज पडणार नाही.

“खरं का गं पोरी?” मामांनी तिच्याकडे मान वळवली. “ऱ्हातीस?”

“काम तिचं कुठूनबी—” कृष्णराज सुरू झाला.

“तुला इचारलं न्हाय,” आई म्हणाली. लक्ष्मीबाई कोपीच्या तोंडाशी, बऱ्या पायावर भार देऊन बसल्या होत्या. उन्हाळ्यापासून त्यांनी लेकीला एकदाही राहा म्हटले नव्हते. जा असेही नाही. त्यांनी हातातला तुकडा पानात ठेवला. “शिवा, तिथं तुझं काय ऱ्हायलंय गं?”

जणू छत्री, किंवा चष्मा. आणि आईचा स्वर चौकशीचा नव्हता. विसरलेली वस्तू आणायला माणूस परत जातोच, एवढे गृहीत धरणारा होता... तयार कारण जिभेच्या टोकावर आले. कंपनीनं. त्या एका शब्दानंतर सारे सुरळीत होणार होते, दोन्काला संध्याकाळी हो कळवता येणार होते, आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, दरवेळी, तिला असेच कुणीतरी बोलावलेले असावे लागणार होते — आधी वाक्याच्या आड, मग कंपनीच्या आड, शेवटी कशाच्या तरी आड उभे राहून ती त्या पायरीवर बसणार होती, आणि बसलेली बाई पुन्हा कुणीतरी पाठवलेली बाई असणार होती. खरे सांगितले तर कदाचित पायरीच हातची जाणार होती. तिने आईच्या कपाळावरची आठी पाहिली. कृष्णराजच्या हातातली पळी पाहिली, तिच्यातून भज्जीचा ओघळ त्याच्या मनगटावर आला होता आणि त्याला कळले नव्हते. त्याच्याबद्दल तिला एकदम माया दाटून आली, आणि मायेने निर्णय बदलत नाही हे पाहून ती स्वतःच चकित झाली. छातीत भीतीच्या जागी काहीतरी मोकळे, थंड, तिथल्या सकाळच्या हवेसारखे भरत गेले. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा लहान निघाला. पण सगळ्यांना ऐकू गेला. ती जे बोलली ते शब्दशः असे:

“काय ऱ्हायलं न्हाय आई. तिथं माझं कुणी न्हाय, आन् मी न्हाय गेले तर कुणाचं अडत न्हाय. कामाचं मी तवाबी निमित्तच सांगितलं व्हतं. मला तिथं नुसतं असायला आवडतं. तुमच्यापरीस जास्त आवडतं का, ते मला ठाव न्हाय. पण मला जायचंय.”