लहानू गोंडाणेचा रिपोर्ट

"पयले मांगचं रक्त वापस आन, मंग नवीन घेजो," भीमाबाई म्हणाल्या आणि सुपातले तांदूळ निवडत राहिल्या.

ओसरीच्या पायरीवर बसलेल्या दीप्ती रामटेकेने हातातला संमतीचा फॉर्म परत पिशवीत घातला. आमटोल्यातलं सकाळपासूनचं हे अकरावं घर. बाकीच्या घरांनी शेताचं, पाहुण्यांचं, तब्येतीचं कारण सांगून तिला वाटेला लावलं होतं. खरं कारण पहिल्यांदा भीमाबाईंनीच सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी नागपूरहून विद्यापीठाची गाडी आली होती. साऱ्या गावाचं रक्त काढून नेलं. एक नर्सबाई होती, ती म्हणाली होती की पंधरा दिवसांत रिपोर्ट घेऊन येते. त्यानंतर कोणी फिरकलं नाही.

"माह्या लहानूचंबी नेलं होतं," भीमाबाई म्हणाल्या. "तीन वर्सानं गेला तो. वावरात, धानाच्या बांदीत उभा होता, खाली बसला, संपला. एकोनचाळीस वर्साचा होता."

भिंतीवर लहानूचा फोटो होता. दीप्तीने त्याच्याकडे पाहिलं, पण चेहरा तिला आठवला नाही. त्या दिवसांत तिने रोज चाळीस-पन्नास लोकांचं रक्त काढलं होतं. पंधरा दिवसांत येते, हे मात्र तिला नीट आठवत होतं. ते प्रत्येक घरी तीच सांगायची. भीमाबाईंनी तिला ओळखलं नव्हतं, आणि तिनेही त्या दिवशी काही सांगितलं नाही. पाणी पिऊन ती उठली.

दीप्ती त्या वेळी चौतीस वर्षांची होती, आता एकोणपन्नासची. मधली सगळी वर्षं विद्यापीठाच्या रुग्णालयात वॉर्डात गेली. नवरा बुटीबोरीच्या कापड गिरणीत फिटर, मुलगी बँकेच्या परीक्षा देत होती. नोकरीत तिच्याविरुद्ध कधी तक्रार आली नाही आणि कौतुकाचं पत्रही कधी आलं नाही. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाने हृदयरोग संशोधन केंद्र काढायचं ठरवलं, तेव्हा डॉ. केयूर घाटेंनी तिला वॉर्डातून मागून घेतलं.

केंद्र ही केयूर सरांची आठ वर्षांची धडपड होती. विदर्भातल्या खेड्यांमध्ये चाळिशीच्या आतली माणसं हृदयविकाराने जातात, ती का जातात याची इथली माहितीच कुणाकडे नाही, हे ते प्रत्येक बैठकीत सांगायचे. जुन्या ग्रंथालयाचा तळमजला त्यांनी मिळवला, भिंती पाडून खोल्या केल्या, इकोचं मशीन आणवलं. पारशिवनी तालुक्यातल्या आठशे माणसांची दरवर्षी तपासणी करायची आणि वीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, हा केंद्राचा पाया होता. तो प्रस्ताव मंजूर झाला पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या रक्ततपासणीच्या अभ्यासामुळेच. त्यातल्या तीनशे बारा जणांचे आकडे प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर होते.

त्या दिवशी आमटोल्याहून घरी जाताना दीप्तीच्या मनात हेच घोळत होतं. आकडे होते, म्हणजे रिपोर्टही होते.

दुसऱ्या दिवशी तिने तो जुना अभ्यास करणाऱ्या विभागाच्या स्टोअरची किल्ली मागितली. दोन दिवस धूळ खाल्ल्यावर मोडक्या खुर्च्यांच्या मागे एक खोकं सापडलं. धंतोलीच्या एका लॅबमधून आलेले तीनशे बारा लिफाफे, एकही न फोडलेला. लॅबने आकड्यांची यादी विभागाला वेगळी पाठवली होती, आणि विभागाचं काम त्या यादीवरच भागलं होतं. लिफाफे आले तोवर प्रकल्पाची मुदत संपली होती, गाडी बंद झाली होती, विभागाचे मोठे सर निवृत्त झाले होते आणि दीप्तीची वॉर्डात बदली झाली होती. रिपोर्टचं काय झालं, असं तिने दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

लहानू गोंडाणे, वय छत्तीस. कोलेस्टेरॉल चारशे बारा.

ती तिथेच खोक्यावर बसली. एवढा आकडा खाण्यापिण्याने होत नाही, हे तिला कळत होतं. तो रक्तातून, आईबापाकडून येतो आणि पुढे मुलांकडे जातो. भीमाबाईंच्या घरात आतल्या दाराशी एक मुलगी उभी होती, लहानूची श्वेता. बावीस वर्षांची.

केयूर सरांनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग खुर्ची ओढून बसले. हे लपवायचं नाही, हे त्यांनाही मान्य होतं. पण उद्घाटन तीन आठवड्यांवर आलं होतं, मंत्र्यांची तारीख मिळाली होती. आत्ता गावात जाऊन आमची चूक झाली असं सांगितलं तर आठशे सोडा, ऐंशी माणसंही मिळणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्या मुलीला वेगळं बोलावून घेऊ, तपासू. बाकीचं उद्घाटन झाल्यावर रीतसर करू.

"सर, तेव्हाही आपण 'मग देऊ'च म्हटलं होतं," दीप्ती म्हणाली.

ती संध्याकाळी घरी गेली तेव्हा नोकरी राहील की नाही, याचा विचार तिने करून ठेवला होता. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तू तिथं जाऊन आल्याशिवाय तुला झोप लागणार नाही, मग जाऊनच ये.

चार दिवसांनी केयूर सरांनी तिला बोलावलं. त्यांनी नीतिमत्ता समितीची तातडीची बैठक घेतली होती. सगळे लिफाफे घरोघरी पोचवायचे, गेलेल्यांचे त्यांच्या घरच्यांना द्यायचे, असं ठरलं होतं. केंद्राच्या नियमांत एक कलमही वाढलं होतं: पंधरा दिवसांत रिपोर्ट हातात दिला नाही, तर त्या माणसाचा आकडा केंद्राला वापरता येणार नाही. विद्यापीठाच्या माफीच्या पत्रावर त्यांची सही होती. आमटोल्याला मीही येतो, असं ते म्हणाले. पण त्या दिवशी मंडपाची पाहणी निघाली आणि दीप्ती एकटीच गेली.

भीमाबाई त्याच ओसरीवर होत्या. दीप्ती या वेळी पायरीवर न बसता उभी राहिली.

"आई, ती नर्सबाई मीच होते," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत येते म्हणणारी. हा लहानूभाऊंचा रिपोर्ट."

भीमाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी श्वेताला हाक मारली. श्वेताने लिफाफा फोडला, नाव वाचलं, वय वाचलं आणि आकड्यापाशी थांबून दीप्तीकडे पाहिलं. दीप्तीने दोघींना सगळं सांगितलं. आकडा असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त होता, कागद खोक्यात पडून राहिला, आपण विचारायचं सोडून दिलं. काही गाळलं नाही.

भीमाबाईंनी एकच विचारलं.

"तू तवा आली असती, त वाचला असता का?"

"वाचलेच असते असं मला सांगता येत नाही," दीप्ती म्हणाली. "पण गोळी सुरू झाली असती. बरेच जण वाचतात."

भीमाबाई उठून आत गेल्या. श्वेता त्यांच्यामागे गेली. दीप्ती उभीच होती. गल्लीतून शेळ्या गेल्या, समोरच्या घरातली बाई दोनदा डोकावून गेली. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता. निघून जावं असं दीप्तीला पुष्कळदा वाटलं. तासाभराने भीमाबाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. हे पोरीलाही असू शकतं का, असं त्यांनी विचारलं. दीप्ती हो म्हणाली. पोरीसाठी पारशिवनीहून स्थळ आलं होतं, येत्या महिन्यात माणसं पाहायला येणार होती. दिलाची बिमारी असल्याचं बाहेर गेलं तर कोण करणार, असं त्या म्हणाल्या.

श्वेताच पुढे झाली. बाबांसारखं बांदीत बसायचं नाही मले, असं म्हणून तिने बाही वर केली.

भीमाबाईंनी तिला अडवलं नाही. दीप्तीने सुई काढली तेव्हा त्या म्हणाल्या, "पोट्टीचं घे. माह्यं भेटनार नाही तुले, कधीच. आन कागद तू सोता आनजो."

पुढच्या दोन आठवड्यांत दीप्तीने आमटोला आणि आजूबाजूची पाच गावं पालथी घातली. तीनशे बारांपैकी सत्तावीस जण गेले होते. काही घरांनी लिफाफा घेऊन दार लावलं. एकाने तो तिच्यासमोरच चुलीत घातला. पण पुष्कळांनी बसवून चहा दिला, रिपोर्ट समजून घेतला आणि नवीन फॉर्मवर सही केली. आठशे होणार नव्हतेच. उद्घाटनापर्यंत चारशे एकोणीस झाले. चारशे एकोणीसवर सुरू करू, असं केयूर सर म्हणाले. या वेळी त्यांनी हुज्जत घातली नाही.

श्वेताचा रिपोर्ट उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आला. तीनशे अडतीस. केयूर सरांनी स्वतः गोळी लिहून दिली आणि खाली नोंद केली: लग्नानंतर मूल हवं असेल तेव्हा आधी कळवणे, गोळी थांबवावी लागेल. दुसऱ्या दिवशी मंचावर कर्मचाऱ्यांचा सत्कार होता, त्या यादीत दीप्तीचं नाव तिसरं होतं. उद्घाटन आटोपल्यावर दुपारी आमटोल्याला जायला गाडी देतो, असं केयूर सर म्हणाले. दुपारी श्वेता शिवणकामाच्या क्लासला पारशिवनीला जाते, असं दीप्तीने त्यांना सांगितलं आणि सकाळची पहिली एसटी धरली.

ती आमटोल्याला पोचली तेव्हा नागपुरात फीत कापायची वेळ झाली असेल. भीमाबाईंनी तिला चटई टाकून दिली. दीप्तीने आकडा सांगितला, गोळी रोज एकाच वेळी घ्यायची हे सांगितलं, वर्षातून दोनदा तपासायला नागपूरला यावं लागेल हेही सांगितलं. पाहुण्यांना हे सांगायचं की नाही, यावर त्या घरात अजून ठरलं नव्हतं. श्वेताचं म्हणणं सांगायचं, भीमाबाईंचं म्हणणं पाहू.

मग श्वेताने तांब्याभर पाणी आणलं आणि पहिली गोळी जिभेवर ठेवली. भीमाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या पुढे सरकल्या आणि गोळी नातीच्या गळ्याखाली उतरेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिल्या.